विहीर, शोषखड्डा आणि बेट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नोकरीनिमित्त लक्षद्वीपला गेलेल्या वाचकांच्या पत्रांत विहिरीच्या आणि सांडपाण्याच्या बाबतीत एकच गोंधळ वारंवार दिसतो, म्हणून निवडक प्रश्नांना एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : चहूकडे समुद्र असताना कवरत्तीच्या विहिरींना गोडे पाणी कसे? नारळाची मुळे ते गाळतात, असे ऐकले.

मुळांचा यात काहीही संबंध नाही. पावसाचे पाणी प्रवाळी वाळूत झिरपते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्यावर पातळ थराने तरंगत राहते.

प्रश्न : मोठा पंप बसवल्यापासून विहिरीचे पाणी मचूळ लागते. विहीर खोल करावी का?

मुळीच नाही. जोराच्या उपशाने खालचे खारे पाणी वर ओढले जाते आणि विहीर खोल करणे म्हणजे त्याच्या आणखी जवळ जाणे. पंप बंद ठेवा. पुढे किती उपसा झेपेल, ते क्षारता मोजून स्थानिक अभियंत्याकडून ठरवून घ्या.

प्रश्न : समुद्राच्या पाण्यापासून बनवलेले पाणी पिण्यास योग्य असते का?

असते. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली कवरत्तीत उभारलेल्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला १ लाख लिटर होती. तेथे पृष्ठभागावरच्या कोमट पाण्याची निर्वात कक्षात वाफ करतात आणि खोल समुद्रातल्या थंड पाण्याने ती निववतात. ते ज्या टाकीत साठवता, ती घरची टाकी शेवटची कधी धुतली, हे मात्र स्वतःला विचारा.

प्रश्न : आमच्या भाड्याच्या घरी विहिरीपासून सहा-सात मीटरवर सेप्टिक टँकचे पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा आहे. विक्रेत्याने टीडीएस मीटर लावून पाणी उत्तम असल्याचे सांगितले. टाकीत जंतूंची पावडर टाकली की ती कधीच उपसावी लागत नाही, असेही तो म्हणाला.

टीडीएस मीटर विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नव्हे. मैला मिसळलेल्या गोड्या पाण्यालाही तो चांगला आकडा दाखवू शकतो, आणि हे विक्रेत्याला ठाऊक नसते असे मला वाटत नाही. पावडरीने गाळ नाहीसा होत नाही. टाकी वेळेवर उपसावीच लागते. मुळात सेप्टिक टँक घन मैला खाली बसवतो, पण बाहेर पडणारे पाणी जंतू आणि नायट्रोजन घेऊनच निघते. मुख्य भूमीवर पुढचे काम मातीचा जाड, कोरडा थर करतो. प्रवाळ बेटावर भूजल अगदी उथळ असते आणि भरड वाळूतून पाणी झपाट्याने सरकते, त्यामुळे शोषखड्ड्यात सोडलेले पाणी फारसे न गाळताच विहिरीकडे पोहोचू शकते. शिवाय पंप चालू असेल, तर तोच त्याला ओढून आणतो. म्हणून मुख्य भूमीच्या पुस्तकातला अंतराचा आकडा येथे डोळे मिटून लावू नये, मग सहा-सात मीटरबद्दल काय बोलावे! पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण त्या नायट्रोजनापासून बनणारे नायट्रेट जात नाही. भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला अधिक नायट्रेट धोक्याचे असते. घरात असे बाळ असल्यास आजच डॉक्टरांशी बोला. ई. कोलाय (पाण्यात मैला मिसळल्याची खूण असलेला जंतू) आणि नायट्रेट या दोन्ही तपासण्या प्रयोगशाळेतून करून घ्या आणि अहवाल येईपर्यंत पिण्यासाठी दुसरे पाणी वापरा. ‘पावसाळा झाल्यावर पाहू’ हे उत्तर घरमालकाकडून स्वीकारू नका, कारण पावसात भूजल वर येऊन खड्ड्याला भिडते.

प्रश्न : मग भुयारी गटार घातले की प्रश्न मिटेल?

विहिरींचा बराचसा मिटेल, पाण्याचा नाही. मालदीवमध्ये १९७८ साली कॉलऱ्याची साथ आली आणि पुढच्या दशकात राजधानी मालेत गटारे झाली. पण पूर्वी जमिनीत परत मुरणारे पाणी त्यामुळे थेट समुद्रात जाऊ लागले आणि शहर निक्षारीकरणावर, म्हणजे समुद्राच्या पाण्यातले क्षार काढण्यावर, विसंबले. डिसेंबर २०१४ मध्ये तेथील प्रकल्पाला आग लागली, तेव्हा भारताला विमानांनी आणि जहाजांनी पाणी पाठवावे लागले. तेव्हा आपल्या बेटावर अशी योजना मांडली गेली, तर प्रक्रिया केलेले पाणी कोठे सोडणार आणि यंत्रणा बंद पडल्यास किती दिवसांचा साठा असेल, याची उत्तरे संबंधित अभियंत्यांकडून लेखी मागा.