एकाच घरात आई जाड आणि मूल कुपोषित, असं कसं काय होतं?
होतं ना, सर्रास होतं. पोट भरणं वेगळं आणि पोषण वेगळं. चहा-बिस्कीट, भात, पातळ वरण, संध्याकाळी फरसाण, यावर मोठ्यांचं वजन वाढतं पण दोन वर्षांच्या पोराचं पोट केवढंसं, ते चहात बुडवलेल्या बिस्किटानेच भरतं मग अंडं, डाळ जाणार कुठे, वर चहामुळे लोहपण नीट शोषलं जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली, २४ टक्के बायकांचं वजन जास्त आणि ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया! म्हणजे ‘खात्यापित्या घरची’ दिसणाऱ्या आईचंही रक्त कमी असू शकतं, तिचंही हिमोग्लोबिन तपासून घ्या.