लिस्बनला टाइल्स बघायला जातेस तर

अगं, आधी पणजीतच एक चक्कर मार. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातल्या निळ्या अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या चकचकीत टाइल्स, पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासोच्या, 1935 च्या. लिस्बनच्या कार्लोस लोपिश पॅव्हेलियनवर त्याचंच काम भेटेल.

तिथे मेट्रोचा दिवसभराचा पास काढ आणि स्थानकंच बघत सुट. जुन्या बऱ्याच स्थानकांच्या भिंतींवर चित्रकार मारिया कैलचं टाइल्सचं काम आहे. कांपु ग्रांद स्थानकावर मात्र रेंगाळ: अठराव्या शतकाच्या धाटणीच्या आकृत्या कलाकार एदुआर्दु नेरीने टाइल्सचे चौकोन उलटेपालटे करून लावल्यात. आधी नुसता गोंधळ दिसतो, मग हळूच एखादा चेहरा सापडतो. साओ व्हिसेंती द फोरा मठातल्या टाइल्सना अर्धा दिवस दे. टाइल संग्रहालय उघडं आहे ना, हे विमानाचं तिकीट काढण्याआधीच बघ.

फोटो ढगाळ दिवशी, किंचित तिरकी उभी राहून काढ. समोरून काढलास तर लकाकीत तूच दिसशील. पायात चांगल्या पकडीचे बूट हवेत, पावसात तिथले पदपथ आपल्या शेवाळलेल्या अंगणासारखे निसरडे होतात.

मंगळवारी नि शनिवारी भरणाऱ्या फैरा दा लाद्रा बाजारात जुन्या सुट्या टाइल्स दिसतील. मोह आवर, कुणाच्या तरी भिंतीवरून उचकटलेल्या असू शकतात. हवीच असेल तर नवी घे, आणि हातातल्या बॅगेत ठेव.