सिनेमातले आवाज देणारे कलाकार आणि हेवी मेटलचे प्रोड्यूसर यांपैकी कोण तुमच्या लक्षात राहिलं? ऐकायला सुरुवात कुठून करू?

दोन्ही मंडळी एकाच प्रश्नात बसवलीत ते बरं झालं, कारण माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते दोन्हीकडचं आहे: बॅरी क्लेटन. ओळखीचं वाटत नाही ना? पण आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल (म्हणजे जोरकस, कडक गिटारीच्या रॉकच्या) बँडचं 'द नंबर ऑफ द बीस्ट' एकदा जरी ऐकलं असेल, तरी या माणसाला तुम्ही ऐकलंय. गाणं सुरू व्हायच्या आधी बायबलातल्या सैतानाच्या ओळी जो शांतपणे, एकेक शब्द तोलून म्हणतो, तो हा. बँडला खरं तर हवा होता भयपटांचा बादशहा व्हिन्सेंट प्राइस. त्याचा आकडा ऐकून मंडळी गार पडली आणि क्लेटनला बोलावणं गेलं. त्याच १९८२ साली प्राइस मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'मध्ये बोलला आणि जगभर पोचला. आपला क्लेटन पुढे 'काउंट डकुला' नावाच्या, बदकावरच्या मुलांच्या कार्टूनमध्ये निवेदन करत होता. पोटापाण्यासाठी आवाज विकणारा माणूस, आज सैतान, उद्या बदक!

ठाण्यात गोखले रोडवरच्या एका दुकानातून ती कॅसेट मी घेतली होती. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत टेप लावला की आजी स्वयंपाकघरातून विचारायची, "हा कोण रे कीर्तनकार?" तिचं फार चुकत नव्हतं. पुढे फेब्रुवारी २००८ मध्ये मेडन मुंबईत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) आले, तेव्हा मैदानातली पोरं हे निवेदन आरती म्हणावी तसं तोंडपाठ म्हणत होती. त्यातल्या किती जणांना क्लेटनचं नाव ठाऊक होतं, कोण जाणे.

आता प्रोड्यूसर. रेकॉर्डचा प्रोड्यूसर म्हणजे आपल्या सिनेमातल्यासारखा पैसे घालणारा नव्हे. तो काचेपलीकडे बसून "परत एकदा" म्हणतो. या कामात माझ्या मते मार्टिन बर्चच्या जवळपास कुणी नाही. रिक रुबिनचं नाव जास्त गाजतं, पण बर्चचा पसारा बघा: डीप पर्पल बँडच्या 'मशीन हेड' अल्बमला तो साउंड इंजिनियर, ब्लॅक सबाथच्या 'हेवन अँड हेल'चा प्रोड्यूसर, आणि १९८१च्या 'किलर्स'पासून १९९२च्या 'फिअर ऑफ द डार्क'पर्यंत मेडनच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर तोच.

'नंबर ऑफ द बीस्ट'मध्ये निवेदन संपल्यावर मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन आधी हळू आवाजात काही ओळी गातो आणि मग एक लांबलचक किंकाळी फोडतो. त्या हळू ओळींवर बर्चने त्याला तासन् तास अडकवून ठेवलं होतं. ब्रूस बँडमध्ये नवा, त्याला धडाधड गाऊन मोकळं व्हायचं होतं, आणि हा म्हणतोय परत. शेवटी जी किंकाळी निघाली तिच्यात त्या सगळ्या वैतागाची वाफ आहे. पुन्हा ऐका, गडी खरोखर चिडलेला आहे. याच रेकॉर्डिंगच्या दिवसांत बर्चच्या गाडीला अपघात झाला आणि दुरुस्तीचं बिल बरोबर ६६६ पौंड, म्हणजे बायबलातल्या त्या 'बीस्ट'चाच आकडा, आलं असंही सांगतात. खरं-खोटं देव जाणे, किंवा दुसरी पार्टी. बर्च १९९२ नंतर निवृत्त झाला तो पुन्हा काचेमागे बसला नाही. २०२० साली गेला.

टॉम अ‍ॅलम या दुसऱ्या प्रोड्यूसरचंही एक सांगतो. त्याने केलेला जूडस प्रीस्ट या मेटल बँडचा 'ब्रिटिश स्टील' (१९८०) बीटल्सच्या रिंगो स्टारच्या घरी रेकॉर्ड झाला. तेव्हा सॅम्पलर (आवाज साठवून हवा तेव्हा वाजवणारं यंत्र) हाताशी नव्हता, म्हणून 'मेटल गॉड्स'मधल्या यंत्रमानवांच्या पावलांसाठी काटे-चमच्यांचा ट्रे खाली-वर आपटला, आणि 'ब्रेकिंग द लॉ'मधल्या काचा म्हणजे फोडलेल्या दुधाच्या बाटल्या. इतकं भारदस्त संगीत, आणि आत भांड्यांचा खडखडाट.

सिनेमाच्या बाजूला मर्सिडीज मॅककेम्ब्रिज. 'द एक्झॉर्सिस्ट'मध्ये (१९७३) लिंडा ब्लेअर नावाच्या पोरीच्या तोंडून जो राक्षस बोलतो, तो या बाईंचा घसा. ऑस्कर मिळालेली अभिनेत्री, पण या कामासाठी कच्ची अंडी गिळली, सिगारेटी ओढल्या, स्वतःला खुर्चीला बांधून घेतलं. आणि सिनेमा लागला तेव्हा श्रेयनामावलीत नावच नाही! त्या भांडल्या, मग नाव आलं. जेम्स अर्ल जोन्स यांनी उलट केलं. 'स्टार वॉर्स'मधला खलनायक डार्थ व्हेडर याला आवाज देऊनही पहिल्या दोन सिनेमांत आपलं नाव नको म्हणाले. मोठेपणा आहेच, पण मला भांडणाऱ्या बाई जास्त पटतात.

आपल्याकडेही हेच. 'बाहुबली' हिंदीतून पाहिलेल्या किती जणांना माहीत असतं की प्रभासच्या तोंडी शरद केळकरचा आवाज आहे? आणि 'झपाटलेला'तला (१९९३) तात्या विंचू: बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. लहानपणी ज्या आवाजाने आमची झोप उडवली, त्याच गृहस्थांनी पुढे 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी साकारले. मॅककेम्ब्रिजबाईंनीही असा पल्ला गाठला नसेल.

तुम्ही विचारलंत कुठून सुरुवात करू. 'हेवन अँड हेल' आणि 'नंबर ऑफ द बीस्ट' लागोपाठ ऐका, शक्यतो हेडफोनवर. बँड वेगळे, गायक वेगळे, पण गाण्याची सुरुवात किती वेळ दाबून धरायची हे ठरवणारा माणूस एकच, आणि ते कळतं. मग 'मेटल गॉड्स'मधले चमचे शोधा. 'झपाटलेला' मात्र एकटे असताना रात्री लावू नका. मी अजूनही लावत नाही.