साल खाणाऱ्या अळीला ‘सुतारपतंग’ म्हणावं का?

संत्र्या-पेरूवरची साल खाणारी अळी, शास्त्रीय नावाने इंडरबेला, काही याद्यांत कार्पेंटर मॉथच्या, म्हणजे कॉसिडी कुलात दाखवलेली असते. मग मराठीत तिच्या पतंगाला ‘सुतारपतंग’ का म्हणू नये, असा प्रश्न आला आहे.

शब्द घडणीला उत्तम आहे. ‘सूत्रधार’वरून आलेला ‘सुतार’ आपण सुतारपक्ष्याला कधीच देऊन बसलो आहोत. कॉसिडी कुलातल्या अळ्या झाडाचं लाकूड आतून कोरत जातात. कॉफीच्या खोडात शिरणारी लाल अळी त्यांतलीच. त्या कुलाला ‘सुतारपतंग’ जरूर म्हणावं.

इंडरबेलाची चाल मात्र वेगळी. ही अळी दिवसा फांदीच्या बेचक्यातल्या आखूड भोकात दडते आणि रात्री बाहेर येऊन साल कुरतडते. रेशीम, विष्ठा आणि सालीचा भुसा यांची झाकलेली वाट विणत तिच्याखालून ती हिंडते. बागेत आधी नजरेला पडते ती ही तपकिरी जाळी. ती साफ करून भोकात तार घालायची, किंवा रॉकेलचा बोळा कोंबून वर माती लिंपायची, हा जुना उपाय. म्हणजे लाकूड हे हिचं घर, खाणं सालीचं. ‘साल खाणारी अळी’ हे नाव ज्यांनी रुळवलं त्यांनी तिला नीट पाहिलं होतं.

कुळाचा वाद निराळाच. इंडरबेला क्वाड्रिनोटाटा (‘चार खुणांची’) या जातीचं वर्णन वॉकर या कीटक-अभ्यासकाने 1856 मध्ये केलं. मूर यांनी 1879 मध्ये प्रजातीला ‘अर्बेला’ नाव दिलं, पण ते ढेकणांच्या गणातल्या एका कीटकाला आधीच दिलेलं निघालं; म्हणून 1922 मध्ये फ्लेचर यांनी ‘इंडरबेला’ केलं. (इथे ‘प्रजाती’ म्हणजे जातींचा गट. हल्ली वर्तमानपत्रं तो शब्द ‘जाती’साठीच वापरतात, आणि अशा चर्चेत त्याने फार घोळ होतो.) इंडरबेलाच्या कुलाचं नाव मेटार्बेलिडी, तेही मेटार्बेला या आफ्रिकी प्रजातीवरून. काही अभ्यासक ते स्वतंत्र कुल मानतात, काही कॉसिडीचं उपकुल. पहिलं मत धरलं तर इंडरबेला सुतारपतंगांची भावकी ठरते, दुसरं धरलं तर घरचीच.

ज्या नावाचा आधार असा हलता आहे, ते शेतकऱ्याच्या पक्क्या शब्दाच्या जागी आणू नये, असं मला ठामपणे वाटतं. भाषांतरात कॉसिडीसाठी ‘सुतारपतंग’, मेटार्बेलिडीसाठी तूर्त ‘मेटार्बेलिडी’च, आणि अळीसाठी ‘साल खाणारी अळी’ लिहावं. ‘सालखाऊ पतंग’ मात्र टाळा. या कुलातल्या पतंगांना सोंडच नसते. खाण्याचं सगळं काम अळीच्या वयातच उरकलेलं असतं. त्याला ‘साल खाणाऱ्या अळीचा पतंग’ म्हणावं. लांबलचक आहे, पण बरोबर आहे.