लातूरकडे झालेल्या लग्नाची नोंद कुठे आणि कशी करावी

ताई, तुमचे लग्न गेल्या महिन्यात औसा तालुक्यातील माहेरच्या गावी झाले, सासर परभणी जिल्ह्यात आहे, पती नोकरीनिमित्त पुण्यात राहतात आणि परदेशी जाण्याच्या अर्जात ‘मॅरेज लायसन्स’ व ‘मॅरेज सर्टिफिकेट’ असे दोन वेगळे रकाने पाहून आपण लग्नाआधी एखादा परवाना काढायला हवा होता की काय, अशी धास्ती तुम्हाला वाटते आहे. पंचायत समितीच्या कचेरीत माझी नोकरीची बरीच वर्षे गेली, त्या आधारावर सविस्तर लिहितो.

पहिल्या रकान्याची काळजी सोडा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी वधूवर आधी काउंटीच्या कचेरीतून लायसन्स काढतात, ठरावीक मुदतीत लग्न लावतात, लग्न लावणारा त्या कागदावर सही करून तो कचेरीला परत पाठवतो आणि त्यानंतर सर्टिफिकेट मिळते. आपल्याकडे घरी किंवा मंगल कार्यालयात रीतीप्रमाणे लागणाऱ्या लग्नाला अशी पूर्वपरवानगी लागत नाही. लग्न आधी होते आणि नोंद मागाहून होते.

महाराष्ट्रात ही नोंद १९९८ च्या विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियमाखाली होते. खेड्यात ग्रामसेवक, म्हणजे आताच्या नावाने ग्रामपंचायत अधिकारी, हेच विवाह निबंधक असतात. शहरात हे काम नगरपरिषद किंवा महानगरपालिका करते. वर किंवा वधू यांपैकी एकाचा रहिवास ज्या हद्दीत असेल तेथे अर्ज करता येतो. तुमच्या बाबतीत माझे मत असे की माहेरच्या ग्रामपंचायतीतच नोंद करावी, कारण लग्न तेथेच लागले, तुमच्या आधारवर अजून तोच पत्ता आहे आणि साक्षीदारही गावातलेच मिळतील. लग्नापासून नव्वद दिवसांच्या आत गेलात तर उत्तम. त्यानंतरही नोंद होते, फक्त विलंब शुल्क भरावे लागते.

अर्ज म्हणजे नमुना ‘ड’ मधील विवाहाचे ज्ञापन. त्यावर शंभर रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, तुम्हा दोघांच्या आणि तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि लग्न लावणारे पुरोहित, काझी, भन्ते किंवा बौद्धाचार्य जे कोणी असतील त्यांचीही सही लागते. ही शेवटची सही लोक हटकून विसरतात. लग्नसराईत गुरुजी एका दिवसात तीन गावे करतात, मग महिनाभराने त्यांना गाठणे हे एक वेगळेच कार्य होऊन बसते. सोबत लग्नपत्रिका, दोघांचा एकत्र लग्नातला फोटो, रहिवासाचा पुरावा, साक्षीदारांची ओळखपत्रे आणि वयाचा पुरावा द्यावा लागतो. मुस्लिम कुटुंबांनी निकाहनामा जोडावा.

वयाच्या पुराव्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षे लग्नाच्या दिवशी पूर्ण झालेली असणे आवश्यक आहे, आणि गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही ग्रामसेवकच असल्याने तो टी.सी.वरची तारीख बारकाईने पाहतो. पाहायलाच हवी; ऊसतोडीला जाण्याआधी घाईने उरकलेली लग्ने ज्याने पाहिली आहेत, त्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही. मात्र आपल्या भागात निम्म्या वर्गाची जन्मतारीख ‘एक जून’ असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकलेली असते. जन्मनोंद एक सांगते आणि टी.सी. दुसरेच, असे असेल तर पासपोर्टवर जी तारीख आहे तीच सगळीकडे आधी करून घ्या आणि मगच नोंदणीला जा.

नात्यातल्या लग्नाचा उल्लेख इथे करतो, कारण तुमच्या दिराचे लग्न मामाच्या मुलीशी ठरत असून ते रजिस्टर पद्धतीने करायचे आहे, असे तुम्ही लिहिले आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भावाबहिणीच्या मुलांचे लग्न निषिद्ध नात्यात मोडते, पण दोघांच्याही समाजात तशी रूढी असेल तर ते चालते, आणि मराठवाड्यात ती रूढी सर्रास आहे. रजिस्टर लग्नाचा कायदा मात्र १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्याच्या निषिद्ध नात्यांच्या यादीत मामाची मुलगी स्पष्टपणे येते आणि तेथे रूढीची सवलत मिळवणे पुष्कळ अवघड आहे. त्यांनी लग्न रीतीप्रमाणे लावावे आणि नोंद ग्रामपंचायतीत करावी, हा सोपा मार्ग. एरवी विशेष विवाह कायद्याखाली दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेले असावे लागते, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, तीस दिवस हरकतींची वाट पाहावी लागते आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न करावे लागते. आपल्याकडे परवान्याच्या जवळ जाणारे काही असेल तर ती ही नोटीसच.

दाखला हातात आला म्हणजे लग्नावर शिक्का बसला, असा मोठा समज आहे. तो खरा नाही. हिंदू विवाह कायद्यात रीतीप्रमाणे विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदीने लग्न वैध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि उलट पक्षी नोंद राहून गेली म्हणून रीतीने लागलेले लग्न रद्दही होत नाही. आपल्या आजी-आजोबांपैकी कितीजणांकडे हा कागद होता?

सही करण्यापूर्वी नोंदवहीतले प्रत्येक अक्षर वाचा, हे मात्र कळकळीने सांगतो. माझ्या स्वतःच्या मुलीच्या दाखल्यात इंग्रजी नावातले एक ‘ए’ सुटले. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासणारा मी, मांडवातल्या धावपळीत सही करून मोकळा झालो, आणि ते एक अक्षर बसवायला प्रतिज्ञापत्र, टी.सी.ची सत्यप्रत आणि चार हेलपाटे लागले. तुमचे लग्नाआधीचे नाव पासपोर्टप्रमाणे तंतोतंत लिहून घ्या. आधारवर सासरचे नाव लावण्याची घाई करू नका. नोंद आधी, नावबदल नंतर.

कागद पूर्ण असूनही कोणी ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणू लागले तर वाद न घालता अर्जाची पोच मागा. विवाह नोंदणीचा दाखला ही २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखालील सेवा आहे. तिची मुदत कचेरीच्या फलकावर लावलेली असते आणि ती उलटली की वरिष्ठांकडे अपील करता येते. बहुतेक वेळा पोच मागितल्यावरच काम हलते.

दाखला मिळाल्यावर परदेशासाठी त्यावर आधी राज्य शासनाचे प्रमाणन आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, घ्यावे लागते. हे अपोस्टील त्यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात असलेल्या देशांतच चालते, तेव्हा तुमचा देश त्यात आहे का ते आधी पाहा. अर्जातील सर्टिफिकेटच्या रकान्यात दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक आणि दिनांक लिहा, लायसन्सच्या रकान्यात ‘लागू नाही’ असे लिहा.