सुपरमॅनचा चौथा भाग पुन्हा काढा!

प्रश्न : काका, नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ख्रिस्तोफर रीव्हचे चारही सुपरमॅनपट (१९७८ ते १९८७) बाबांनी मला लहानपणीच दाखवले आणि तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. ही मालिका नव्याने सुरू करायची झाली तर माझा बेत असा : पहिला भाग तोच, पण आजच्या ग्राफिक्सने. काळ मात्र १९७८चाच. रीव्हचा चेहरा कॉम्प्युटरवर तयार करायचा. जन्मकथेला पूर्ण एक तास. खलनायक ब्रेनिअ‍ॅक. आणि तिसरा, चौथा भाग झालेच नाहीत असं समजायचं. कसं वाटतं? फार झोडू नका.
— एक सुपरमॅनवेडा, मिरज

उत्तर : झोडत नाही रे. जुना काळ ठेवायची कल्पना तर मला फारच आवडली. आज सुपरमॅन ज्या क्लार्क केंट नावाच्या साध्या पत्रकाराच्या वेषात वावरतो, त्याचा चष्मा दोन मिनिटं टिकायचा नाही, कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून मोकळा होईल. पहिल्या भागातला तो विनोद आठव. हेलिकॉप्टर गच्चीवरून लटकतंय, क्लार्क कपडे बदलायला फोनबूथकडे धावतो, तर तिथे नुसता खांबावरचा उघडा फोन! त्याला वरून खाली न्याहाळतो आणि बिचारा फिरत्या दारात शिरतो. अशी गंमत त्या काळातच जमते.

ब्रेनिअ‍ॅकही चालेल. कॉमिक्समधला हा संगणकी खलनायक तिसऱ्या भागाच्या पहिल्या आराखड्यात होता, पडद्यावर मात्र नुसता एक अवाढव्य संगणक आला. जन्मकथेचा तास काही मी देणार नाही. त्याचा क्रिप्टॉन ग्रह फुटला, पाळणा कॅन्ससमध्ये पडला, हे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. २०२५च्या चित्रपटात दिग्दर्शक जेम्स गननं ते सरळ गाळलं, बरं केलं.

चेहऱ्याबद्दल मात्र साफ नाही. रीव्ह २००४ मध्ये गेला. २०२३च्या ‘द फ्लॅश’मध्ये त्याचा संगणकी पुतळा क्षणभर उभा केला होता, तो पाहून मला कसंसंच झालं. शिवाय रीव्हची जादू चेहऱ्यात नव्हतीच. पहिल्या भागातला, त्याची आवडती पत्रकार लोइस हिच्या घरातला प्रसंग पुन्हा लावून बघ. ती आतल्या खोलीत आहे. हा बाहेर पोक काढून उभा. खरं सांगून टाकायचं ठरवतो, चष्मा काढतो, खांदे मागे जातात, मान ताठ होते, उंची चांगली चार बोटं वाढल्यासारखी वाटते. आवाजसुद्धा खाली उतरतो. मग धीर सुटतो, चष्मा परत नाकावर आणि सगळा माणूस पुन्हा आक्रसतो. ग्राफिक्सचा एक पैसा नाही. असा नट शोध, चेहरा कसाही असू दे.

ग्राफिक्सचं म्हणशील तर माझं उभं आयुष्य ट्रिक कॅमेऱ्यामागे गेलं, त्यामुळे इथे थोडा थांबतो. ट्रिक छायाचित्रणाच्या झोरान पेरिसिकनं त्या उड्डाणांसाठी कॅमेरा आणि प्रोजेक्टर दोघांचीही झूम लेन्स एकमेकींना जोडली होती. कॅमेरा जेवढा आत जाई तेवढंच मागच्या पडद्यावरचं चित्र लहान होई. फ्रेममध्ये आकाश होतं तेवढंच राही आणि नट मात्र आपल्या अंगावर येई. माणूस जागचा हललेलाही नसे! हे तू आजच्या ग्राफिक्सने करशीलही, पण रीव्ह वळताना खांदा आधी टाकायचा, मग शरीर. ते त्याला कुणी सॉफ्टवेअरनं शिकवलं नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. तिसरा-चौथा विसरण्याचा प्रयोग दिग्दर्शक ब्रायन सिंगरनं २००६ मध्ये ‘सुपरमॅन रिटर्न्स’मध्ये करून झालाय. रीव्हसारखा दिसणारा ब्रँडन रूथही शोधला. चित्रपट देखणा झाला, पण सगळा वेळ जुन्याला नमस्कार करण्यातच गेला. जे उत्तम जमलंय ते पुन्हा कशाला करायचं? जे फसलं ते कर. तू चौथा भाग काढ.

हसू नकोस. मूळ कल्पना बघ : एक शाळकरी पोरगा सुपरमॅनला पत्र लिहितो की जगातली अण्वस्त्रं नष्ट कर. सुपरमॅन संयुक्त राष्ट्रांत जाऊन तसं जाहीर करतो, क्षेपणास्त्रं जाळ्यात गोळा करतो आणि सूर्यात फेकतो. या कथेत स्वतः रीव्हचा हात होता. माती झाली ती पैशांमुळे. निर्मात्या कॅनन कंपनीनं ३.६ कोटी डॉलरचं बजेट १.७ कोटींवर आणलं. न्यूयॉर्कऐवजी इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या रेल्वे स्थानकाबाहेर संयुक्त राष्ट्रं उभी केली. उडण्याचा एकच शॉट पुनःपुन्हा वापरला. वर सुमारे ४५ मिनिटांचा भाग कापून टाकला. खलनायक न्यूक्लिअर मॅन तर एका बाईला अवकाशात घेऊन जातो आणि ती तिथे खुशाल श्वास घेते.

तुझा काळ १९७८ वरून १९८६ वर आण. ऑक्टोबरात रेक्याविकला अमेरिकेचे रेगन आणि सोव्हिएत संघाचे गोर्बाचेव्ह अण्वस्त्रं कमी करायच्या बोलणीला बसले, ती फिसकटली, तिथून सुरुवात कर. त्या सुमारास जगात ६०,००० हून जास्त अण्वस्त्रं होती, त्यातली कितीतरी पाणबुड्यांत. एका जाळ्यात मावतील? देश ती आपणहून देतील, की दहा देऊन दोन लपवतील? पोखरणची चाचणी १९७४ मध्येच झाली होती, मग तो आपल्याकडेही यायचा का, आणि आपण काय म्हटलं असतं? पहिल्या भागात बापानं बजावलंय की माणसांच्या इतिहासात ढवळाढवळ करायची नाही. इथे तो ती आज्ञा कुणा लोइससाठी नाही, एका अनोळखी पोराच्या पत्रासाठी मोडतो. न्यूक्लिअर मॅन हवाच कशाला? सुपरमॅनचा जुना वैरी लेक्स ल्यूथर पुरे, शस्त्रांचे दलाल त्याच्याभोवती आपोआप जमतील. ब्रेनिअ‍ॅक दुसऱ्या भागाला ठेव.

प्रश्न : सुपरमॅन चड्डी पँटवरून का घालतो? आमच्या घरी यावरून रोज वाद होतो.
— एक त्रस्त आई, पनवेल

उत्तर : ताई, तो १९३८ मध्ये जन्मला तेव्हा सर्कशीतले पैलवान घट्ट विजारीवरून तशीच लंगोटवजा चड्डी घालत. त्याला घडवणाऱ्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या जोडगोळीनं ताकदवान माणसाचा तोच पोशाख उचलला. २०१३ मध्ये दिग्दर्शक झॅक स्नायडरनं चित्रपटात चड्डी काढून टाकली, पोशाख करडा-गंभीर झाला. २०२५ मध्ये ती परत आली. गनचं आधी ठरत नव्हतं, पण नायक डेव्हिड कोरेनस्वेटनं पटवलं की डोळ्यांतून आग ओकणारा माणूस पोरांना भीतीदायक वाटू नये, तर तो जरा कुस्तीच्या शोमधल्या पैलवानासारखा दिसलेलाच बरा. तुमच्याकडे चड्डीच्या बाजूने कोण आहे, ते कळवा.