ऑपरेशनच्या काळात दिव्यांग मुलाला कुठे ठेवायचं? खर्च कोण देणार?

प्रश्न : माझं वय ५८. मुलगा २९ वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक अक्षमता आणि सेरेब्रल पाल्सी असं दोन्ही आहे, प्रमाणपत्रावर ८५ टक्के. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं आणि राहता फ्लॅट त्यांच्याच नावावर आहे. मुलाची आंघोळ, कपडे, भरवणं सगळं मीच करते. आता माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आहे आणि त्यानंतर निदान सहा आठवडे त्याला उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. एका निवासी संस्थेत चौकशी केली, तर त्यांनी अनामत मागितली, पालकत्वाचा दाखला आणा म्हणाले आणि हमीपत्र हातात ठेवलं. दीर म्हणतात, फ्लॅट आमच्या नावे करा, आम्ही त्याला जन्मभर बघतो. थोड्या दिवसांच्या अशा देखभालीसाठी सरकारी मदत मिळते का? आणि त्याला असं ठेवलं तर मी मुलाला टाकलं, असं कायद्याने होईल का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला जास्त छळतो आहे. नाही, तुम्ही मुलाला टाकत नाही आहात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांचा विचार आहे. राष्ट्रीय न्यास ही याच कायद्याने उभी राहिलेली केंद्र सरकारची संस्था. तिने कोणत्या कार्यक्रमांना पैसा द्यायचा हे कलम ११ मध्ये लिहिलं आहे आणि त्यात 'रेस्पाइट केअर', म्हणजे घरच्यांना उसंत मिळावी म्हणून काही काळ दुसऱ्याने घेतलेली देखभाल, हिचं थेट नाव आहे. न्यासाच्या उद्दिष्टांमध्ये कलम १० हेही सांगतं की कुटुंबावर अडचणीचा प्रसंग आला असताना गरजेप्रमाणे सेवा देणाऱ्या संस्थांना मदत करायची. तुमच्यासारखी वेळ येणार, हे संसदेने धरूनच ठेवलं होतं. उद्या ऑपरेशन नसतं आणि तुम्ही नुसत्या थकला असतात, तरीही ही मागणी गैर ठरली नसती.

आता पैशाचं. या कारणासाठी आईच्या खात्यात रक्कम येईल, अशी अपेक्षा ठेवू नका. राष्ट्रीय न्यासाचं अनुदान नोंदणीकृत संस्थेला मिळतं. त्यामुळे तुम्हाला शोधायची आहे ती अनुदानित जागा. निवासी देखभालीसाठी न्यासाची 'समर्थ' योजना आहे, ती आता 'घरौंदा' या न्यासाच्याच दुसऱ्या निवासी योजनेशी जोडली आहे. तिच्यात कमी उत्पन्नाच्या आणि संकटात सापडलेल्या कुटुंबांचा विचार होतो. संस्थेत जाऊन 'फी किती?' एवढंच विचारलंत तर फीच सांगतील. विचारायचं असं : तुमची राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणी आहे का, समर्थ योजना तुमच्याकडे चालते का, त्यातल्या जागा किती आणि आज रिकाम्या किती? हेच प्रश्न अर्जावर लिहून द्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. अर्जासोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मुलाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि सर्जनची चिठ्ठी जोडा. चिठ्ठीत ऑपरेशनची तारीख आणि किती आठवडे वजन उचलायचं नाही, हे स्पष्ट लिहून घ्या. तुमच्या अख्ख्या अर्जाचा जोर त्या एका कागदावर आहे.

न्यासाखालची जागा मिळाली नाही तर दुसरं दार २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं. त्या कायद्यात 'केअरगिव्हर'च्या व्याख्येत आईवडील आणि घरचे लोक स्पष्टपणे धरलेले आहेत, मोबदला मिळो वा न मिळो. ज्यांना रोजच्या जगण्यात फार मोठा आधार लागतो, त्यांच्यासाठी कलम ३८ आहे. त्याखाली मुलाच्या वतीने तुम्ही 'हाय सपोर्ट'साठी अर्ज करू शकता. मग मूल्यांकन मंडळ त्याची गरज तपासून काय आधार द्यावा ते ठरवतं. अशाच व्यक्तींसाठी केअरगिव्हर भत्त्याचा उल्लेख कलम २४ मध्ये आहे. मात्र तिथेच 'शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असे शब्द आहेत, म्हणून अमुक रक्कम द्याच, असा थेट दावा त्या कलमावर उभा राहत नाही. अर्ज मात्र करावा. नोंदलेली मागणी समोर नसेल तर 'अशी गरज कुणी मांडलीच नाही' असं उत्तर द्यायला यंत्रणा मोकळी राहते.

तिसरी जागा तुमच्या अगदी जवळची आहे आणि लोक तिथेच जात नाहीत. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायचे असतात. काही महापालिका यातून बौद्धिक अक्षम व्यक्तीला सांभाळणाऱ्या पालकांना अर्थसाहाय्य देतात. तुमच्याकडच्या कार्यालयात चौकशी करा. तोंडी 'निधी नाही' म्हणाले, तर या निधीत यंदा किती रक्कम ठेवली आणि किती कशावर खर्च झाली, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून विचारा. ३० दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग आहे.

संस्थेने पालकत्वाचा दाखला मागितला, त्यात वावगं नाही. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बऱ्याच घरांना अशाच वेळी कळतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत त्यासाठी दिवाणी कोर्टात जायला नको. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १४ खाली अर्ज करायचा. या समितीने निदान तीन महिन्यांतून एकदा बैठक घ्यायची असते. तुमची तारीख त्याआधी असेल तर सर्जनची चिठ्ठी लावून तातडीच्या बैठकीची विनंती लेखी करा. पालक म्हणून नाव तुमचंच सुचवा, संस्थेचं नको. दाखला मिळाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब. ते चुकवू नका.

हमीपत्रावर मात्र आहे तशी सही करू नका. तुम्ही त्यातलं वाक्य पत्रात उतरवून पाठवलंत ते बरं केलंत : "पाल्याच्या बाबतीत काहीही घडल्यास संस्था जबाबदार राहणार नाही व पाल्याविषयीचे सर्व निर्णय संस्थेचे राहतील." या वाक्याचा पहिला भाग फारसा टिकणारा नाही. ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी न देणं हा २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे, त्याला सहा महिने ते पाच वर्षांची शिक्षा आहे, आणि आईच्या सहीने गुन्हा माफ होत नाही. दुसरा भाग जास्त धोक्याचा, कारण तो वाचताना साधा वाटतो. तो खोडून त्याजागी लिहून घ्या : येण्याची तारीख, परत नेण्याची तारीख, आई कोणत्याही दिवशी मुलाला घरी नेऊ शकेल, भेटीच्या वेळा, आजारी पडल्यास कोणाला फोन करायचा आणि कुठे दाखल करायचं. अनामत पावतीवरच द्या आणि ती किती दिवसांत परत मिळणार, हे त्याच पावतीवर हवं. कलम ५० प्रमाणे अशा संस्थेला नोंदणी प्रमाणपत्र लागतं. ते बघायला मागा, मुदत संपलेली नाही ना ते पाहा. दाखवायला टाळाटाळ झाली तर ती संस्था सोडा.

आणखी एक कागद तुम्हीच तयार करायचा आहे. त्याला पाणी हवं असेल तर तो काय करतो, घास केवढा द्यायचा, गोळी कशातून घेतो, रात्री किती वेळाने कूस बदलायची, झटका आला तर काय करायचं, कशाला घाबरतो. एक पानभर लिहा आणि करारनाम्याला जोडपत्र म्हणून जोडून त्यावर संस्थेची सही घ्या. दाखल करताना अंगावर कुठेही जखम नाही, याचीही नोंद दोघांच्या सहीने करा. उद्या पाठीवर जखमा दिसल्या तर 'आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं' असं कुणी म्हणू शकणार नाही. ऑपरेशनच्या आधी एखादी रात्र त्याला तिथे राहून बघू द्या. त्याला ती माणसं ओळखीची होतील आणि या कागदात काय लिहायचं राहिलं, तेही कळेल.

आता फ्लॅट. यजमानांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणजे हिंदू वारसा कायद्याने (तो तुम्हाला लागू आहे, असं धरते) पत्नी आणि मुलगा समान वारस. दुसरं अपत्य असेल किंवा यजमान गेले तेव्हा सासूबाई हयात असतील, तर त्यांचाही तेवढाच वाटा. मुलाची अक्षमता त्याच्या वारसाहक्काच्या आड येत नाही. कलम २८ तसं स्पष्ट म्हणतं. अर्थ असा की तो फ्लॅट पूर्ण तुमचा नाहीच आणि मुलाचा वाटा तुम्हालाही परस्पर कुणाला देता येत नाही. राहिला तुमचा हिस्सा. बक्षीसपत्र करून पुढे सांभाळलं नाही तर ज्येष्ठ नागरिक कायद्याने रद्द करता येतं, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. त्या कायद्याचं कलम २३ साठ वर्षांवरच्या माणसासाठी आहे आणि ते देणाऱ्याच्या स्वतःच्या देखभालीची अट मोडली तर लागतं. तुम्ही मुलाच्या देखभालीसाठी फ्लॅट दिलात आणि दिरांनी शब्द पाळला नाही, तर त्या कलमाचा आधार मिळेल, असं समजून चालू नका. मुलाच्या पुढच्या आयुष्याची सोय मृत्युपत्र आणि मुलासाठी खासगी न्यास (ट्रस्ट) करून लावता येते. ते काम तुम्ही बऱ्या झाल्यावर शांतपणे करायचं आहे, ऑपरेशनच्या तोंडावर मुळीच नाही.

मी दिरांना वाईट ठरवत नाही. त्यांच्या मनात खरंच सांभाळायचं असेल तर त्या सहा आठवड्यांत संस्थेत फोन कोणाला करायचा, तिथे त्यांचं नाव लिहा. आठवड्यातून दोनदा त्यांनी जाऊन पुतण्याला बघून यावं. त्यासाठी फ्लॅटचा एकही कागद लागत नाही.

कुठल्याही कार्यालयाने दाद दिली नाही, तर सगळ्या पोचपावत्या लावून पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. त्यांनी शिफारस केली की संबंधित खात्याने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं आणि मानली नाही तर कारण द्यावं लागतं. तुमच्या हातात तेवढा वेळ नसेल, म्हणून अर्ज या आठवड्यातच टाका. तातडीचं नसलेलं ऑपरेशन जागा नक्की होईपर्यंत थोडं पुढे घेता येईल का, तेही सर्जनना विचारून ठेवा.